वाघचौरे बाईंची केस

फळ्यावर खांबेट्यांचं नाव वाचलं आणि वाघचौरे बाईंनी माझा दंड धरला.

"दिगंबर, हे तेच का रे?"

विभागाच्या शिपायानं खडूनं लिहिलं होतं, उद्या दुपारी विशेष व्याख्यान, विषय गुन्ह्याच्या तपासात प्रयोगशाळेचं काम, वक्ते श्री. य. वि. खांबेटे, निवृत्त रासायनिक विश्लेषक. माझ्या दृष्टीनं ते नुसतं एक नाव होतं. पाहुणा येणार, तास लांबणार आणि मेसमधलं जेवण संपलेलं असणार, एवढंच मला सुचलं होतं.

"आद्याक्षरं तीच आहेत," बाई म्हणाल्या. "य. वि. अहवालाखाली सही आहे ती अशीच आहे."

मग कोणता अहवाल ते माझ्या लक्षात आलं.

त्या वर्षी मी सकाळी लॉ कॉलेजला जायचो आणि दुपारी विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्राच्या पदविकेचे तास करायचो. लॉ पोटासाठी होतं. गुन्हेगारीशास्त्र घेतलं ते विद्यापीठाच्या हॉस्टेलवर खोली मिळावी म्हणून. आम्ही उदगीरकडची पोरं असंच काहीतरी करून शहरात टिकायचो. दोन्हीकडे माझ्यासोबत असणारी माणसं एक-दोनच होती, आणि त्यांतल्या एक वाघचौरे बाई. पन्नाशीच्या आसपासच्या, सुती पातळ नेसणाऱ्या, खांद्याला कापडी पिशवी. बोरखडी नावाच्या गावात त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. वेळेआधी निवृत्ती घेऊन इथं बहिणीकडे राहून शिकत होत्या. वर्गातली मुलं सुरुवातीला त्यांना काकू म्हणायची. मी पहिल्या दिवशी चुकून 'बाई' म्हणालो आणि मग सगळेच बाई म्हणायला लागले. त्यांनाही तेच बरं वाटलं असावं.

त्या का शिकतात ते त्यांनी मला पहिल्या वर्षाच्या परीक्षेआधी कॅन्टीनमध्ये सांगितलं होतं. आवाज न बदलता, चहा निवत असताना.

त्यांची मुलगी छाया लग्नानंतर दीड वर्षात माहेरी परत आली होती. नवरा संशयी होता, हात उचलायचा. एका दुपारी बाई शाळेत असताना तो बोरखडीला आला आणि बाईंच्याच स्वयंपाकघरात त्यानं छायाचा गळा दाबला. घराला लागूनच बाईंच्या यजमानांची पिठाची गिरणी होती. गिरणी चालू होती, त्यामुळे भिंतीपलीकडे काय झालं ते त्यांना ऐकूच आलं नाही. शेजारच्या बाईनं जावयाला मागच्या दारानं जाताना पाहिलं होतं. कोर्टात ती फितूर झाली. संशयाचा फायदा देऊन जावई सुटला. सरकारनं अपील केलं नाही. त्यानं पुढं दुसरं लग्न केलं.

"मी पोलीस ठाण्यात त्याला पाहिला होता," बाई म्हणाल्या होत्या. "दुसऱ्या दिवशी धरून आणला तेव्हा. मानेवर नखांचे ओरखडे होते. खोल, रक्त सुकलेले. माझ्या पोरीनं काढलेले. आणि लॅबचा अहवाल काय म्हणतो? तिच्या नखांत रक्त आढळलं नाही. असं कसं होईल, सांग तू मला."

"त्यानं ओरखड्यांचं काय सांगितलं?"

"बाभळीच्या फांदीनं ओरखडलं म्हणाला. आणि कोर्टानं ते ऐकलं."

बाईंची खात्री होती की नमुना बदलला गेला. कुणीतरी पोलिसातला नाहीतर लॅबमधला विकला गेला. ते शोधायचं तर कायदा यायला हवा आणि लॅबमध्ये काय चालतं तेही कळायला हवं. म्हणून दोन्ही. आम्हाला पुराव्याचा कायदा शिकवणाऱ्या सरांना त्यांनी नाव न सांगता विचारलं होतं. सर म्हणाले होते, सुटून गेलेल्या आरोपीविरुद्ध हायकोर्टात जायचं तर फार मोठं काहीतरी हातात पाहिजे. मुख्य पुराव्यात फेरफार झाला असं दाखवता आलं, तरच उशीर माफ होईल आणि तरच फेरतपासणी होईल. तेव्हापासून बाई त्या एका गोष्टीच्या मागे होत्या. अर्जाचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून लिहिला होता. मध्ये एक परिच्छेद मोकळा सोडला होता, नमुना कुणी, कधी आणि कसा बदलला याचा.

आणि आता तो अहवाल लिहिणारा माणूस आपल्या पायांनी आमच्या वर्गात येणार होता.

"वर्गात काही विचारू नका," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर तो सावध होईल."

"मला कळतं ते."

"त्यांना एस.टी. स्टँडवर सोडायला कुणालातरी पाठवतीलच. मी विभागप्रमुखांना सांगून ते काम मागून घेतो."

बाईंनी दंड सोडला. बोटांच्या खुणा उमटल्या होत्या.

---

खांबेटे मला वाटले होते तसे नव्हते. मी एक मस्तवाल, सफारी घातलेला माणूस डोळ्यांसमोर आणला होता. आले ते बारीक, किंचित वाकलेले गृहस्थ होते, पांढरा बुशशर्ट, हातात डबा ठेवलेली पिशवी. विभागप्रमुखांनी जेवायचा आग्रह केला तर म्हणाले, घरून आणलंय, पथ्य असतं. शिकवताना ते मोठ्या घटना सांगत नव्हते. लाखेचं सील कसं तपासायचं, ओला कपडा तसाच गुंडाळला तर पुरावा कसा कुजतो, असं सगळं सांगत होते. मुलं पेंगत होती. बाई नेहमी पहिल्या बाकावर बसायच्या, त्या दिवशी शेवटच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही.

रिक्षात आम्ही तिघं बसलो. मी पुढं ड्रायव्हरशेजारी. मागं दोघं, मध्ये डब्याची पिशवी. स्टँडवर पोचलो तर त्यांची गाडी लागायची होती. ऊन उतरतीला होतं. चौकशी खिडकीसमोरच्या सिमेंटच्या बाकावर आम्ही त्यांना बसवलं आणि मी चहा आणला.

बाईंनी कप हातात घेतला पण प्यायल्या नाहीत.

"सर, एक शंका होती."

"विचारा ना."

"नखांचे नमुने येतात तुमच्याकडे. ते बदलता येतात का?"

"बदलता म्हणजे, मुद्दाम?"

"मुद्दाम."

त्यांनी विचार केला. "अशक्य नाही. पण पाकीट सीलबंद येतं, सील फुटलं असेल तर आम्ही परत पाठवतो. एखाद्यानं सील लावायच्या आधीच बदललं तर मात्र आम्हाला कळणार नाही. तरी नखं बदलणं सोपं नाही, बाई. दुसरी दहा नखं आणणार कुठून?"

"बोरखडीच्या केसमध्ये बदलली होती का?"

मला वाटलं आता ते उठतील. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला.

"बोरखडी." त्यांनी गावाचं नाव तोंडात घोळवलं. "विवाहित मुलगी. गळा दाबलेला."

"तुम्हाला आठवते?"

"आठवते. माझ्या टेबलावरून किती गेलं, सगळं कुठं आठवतं. पण ती आठवते. तिच्या नखांमुळेच आठवते." ते माझ्याकडे वळले, जणू वर्गातलं राहिलेलं पूर्ण करत होते. "तुला सांगतो, कुणाचीही नखं कधी रिकामी नसतात. घरात काम करणारी बाई असेल तर पीठ असतं, हळद असते, राख असते. त्या मुलीची दहाच्या दहा नखं रिकामी होती. दुपारची वेळ, मुलगी स्वयंपाकघरात सापडली, आणि नखांत पीठसुद्धा नाही."

"म्हणजे बदललीच होती," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही पण कप कलंडला आणि थोडा चहा पातळावर सांडला.

"मलाही पहिल्यांदा तेच वाटलं. म्हणून मी भिंगाखाली पुन्हा पाहिली. आतल्या बाजूनं बारीक रेघा होत्या. काडी फिरवल्यावर उमटतात तशा. आणि दोन-तीन नखांच्या बेचक्यात साबण वाळून राहिला होता. नखं तीच होती, बाई. कुणीतरी स्वच्छ केली होती. पाकिटात जायच्या आधी, अजून मुलीच्या बोटांनाच होती तेव्हा."

गाड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी कंडक्टर गावांची नावं ओरडत होता. मी म्हणालो, "आरोपीनं केली असतील, जायच्या आधी."

खांबेट्यांनी मान हलवली. "ज्यानं मारलं तो तिथं थांबत नाही रे. थांबलाच तर हात पाण्यात बुडवून पळेल. एकेक बोट हातात धरून, काडीनं, कडेकडेनं, कुठंही मांसाला न लागता. ते घाईचं काम नव्हतं. घरच्या कुणाचंतरी असणार. आई, बहीण. आपल्याकडं माणूस गेलं की आधी त्याला नीट करतात."

"तुम्ही हे अहवालात लिहिलं नाही," बाई म्हणाल्या.

"मला विचारलं होतं रक्त आहे का. नाही, असं मी लिहिलं. कुणी साफ केली असं लिहिलं असतं तर तो माझा अंदाज झाला असता. कोर्टात मला बोलावलंच नाही, नुसता कागद वाचला. बोलावलं असतं तर कदाचित सांगितलं असतं." जरा थांबून ते म्हणाले, "कदाचित नसतंही. ज्यांनी केलं त्यांना ते ऐकावं लागलं असतं."

"नसती धुतली तर?"

"तसं सांगता येत नाही."

"तुमचा अंदाज सांगा. इथं कोर्ट नाही."

खांबेट्यांनी बाईंकडे प्रथमच नीट पाहिलं असं मला वाटलं. "आरोपीचा रक्तगट मुलीपेक्षा वेगळा होता. त्याच्या अंगावर ओरखडे असल्याचं पोलिसांनी कळवलं होतं. नखांत त्याचं रक्त मिळालं असतं, तर त्याला सुटणं अवघड गेलं असतं. फार अवघड."

"नुसत्या पाण्यानं गेलं असतं का ते?"

"नुसत्या पाण्यानं काहीतरी राहिलं असतं."

"आणि पाणी गरम असलं तर? त्यानं जास्त जातं का?"

"नाही. पाण्याचं एवढं नाही. गेलं ते काडीनं गेलं."

"म्हणजे पाण्यानं काही फरक पडला नाही."

"तसा नाही."

बाईंनी मान डोलावली. वर्गात एखादी व्याख्या नीट समजली की त्या अशीच मान डोलावायच्या. त्यांनी एवढं सारं पाण्याबद्दल का विचारलं ते मला तेव्हा कळलं नाही. बाकीचं मात्र कळलं होतं, आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

गाडी लागली. मी खांबेट्यांची पिशवी आत नेऊन जागेवर ठेवली. खिडकीतून त्यांनी बाईंना विचारलं, "तुम्हाला त्या केसची माहिती कुठून, बाई? बोरखडीच्या आहात का?"

"विद्यार्थिनी आहे मी," बाई म्हणाल्या. "अभ्यासाला घेतली होती."

---

गाडी गेल्यावर आम्ही पुन्हा त्याच बाकावर बसलो. बाईंनी पातळावरचा चहाचा डाग बोटानं खरवडून पाहिला, मग सोडून दिला.

"पोलीसपाटील म्हणाला होता कशाला हात लावू नका," त्या म्हणाल्या. "तालुक्याहून जीप यायला वेळ होता. दारात सगळं गाव जमलेलं. बाप्ये डोकावून बघत होते. तिचं पातळ सुटलेलं, केस तोंडावर. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि कडी लावली. तिला नीट नेसवलं. वेणी घातली. बांगड्या फुटून मनगटात घुसल्या होत्या, त्या काढल्या. हाताला रक्त होतं. मला वाटलं तिचंच आहे, बांगड्यांचं."

बाकावर राहिलेले कप मी एकात एक घातले.

"ह्यांना म्हटलं पाणी तापवा. तिला गार पाणी सोसायचं नाही, लहानपणापासून. ह्यांनी चुलीवर पाणी ठेवलं, घंगाळं आणून दिलं, साबण आणून दिला. मी तिचे हात धुतले. नखं साफ केली. पोलिसांनी विचारलं, बॉडीला हात लावला का? म्हटलं, मांडीवर घेतलं. पातळ सारखं केलं. त्यांनी लिहून घेतलं. नखांचं कुणी विचारलंच नाही."

"बाई, तुम्हाला माहीत नव्हतं. कुणालाच नसतं."

"पहिल्या वर्षी मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वर्षी पुराव्याचं प्रकरण शिकवलं तेव्हा बहुतेक कळलं होतं. पण कुणी तोंडानं सांगितलं नव्हतं. आणि त्याच्या मानेवरचं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून मग मी म्हणायचे, एवढं खोल होतं, काहीतरी राहिलंच असेल. त्या लॅबच्या माणसानं बदललं."

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो आणि मला वाटत होतं की अजून काहीतरी करता येईल. मी त्यांना म्हणालो, हे फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. खांबेट्यांना तुम्ही कोण ते माहीत नाही. अर्ज करू. अहवाल चुकीचा आहे असं म्हणू, चौकशी मागू.

"कुणाची चौकशी?" बाई म्हणाल्या.

मला मसुद्यातला तो मोकळा परिच्छेद आठवला.

"निकाल मी किती वेळा वाचला असेल," त्या म्हणाल्या. "त्या न्यायाधीशाला मी देवासमोर बसून शिव्या दिल्यात. आता शिकल्यावर सांगते, त्यानं बरोबर लिहिलंय. त्याच्या जागी मी असते तर मीही सोडला असता."

मग उठताना म्हणाल्या, "रविवारी माझ्याबरोबर बोरखडीला येशील का? ह्यांना सांगावं लागेल. ते वाट बघत असतील, खांबेटे येणार म्हणून मी बहिणीच्या घरून फोन केला होता काल. एकटीनं सांगणं नाही जमायचं मला."

मी हो म्हणालो.

---

बोरखडीला मी पहिल्यांदाच जात होतो. फाट्यावर उतरून चालायला लागल्यावर बाई म्हणाल्या, "मी सांगेन. तू फक्त बस." घर गावाच्या कडेला होतं. शेजारी गिरणीची खोली, पत्र्याचं दार, दाराला गंजलेलं कुलूप. छाया गेल्यापासून काकांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, गिरणी सुरू केली नव्हती. गाव दळायला दुसरीकडे जायचं.

काका ओट्यावर बसले होते. मोठ्या हाडाचा माणूस, पण सदरा अंगावर लोंबत होता. बाईंना बघून त्यांनी बसल्या जागेवरूनच विचारलं, एवढी त्यांना घाई होती.

"भेटला का?"

"आत तरी येऊ द्या," बाई म्हणाल्या. "हा दिगंबर. माझ्याबरोबर शिकतो."

"ये बाबा, बस." त्यांनी मला जागा करून दिली आणि पुन्हा बाईंकडे वळले. "भेटला का तो?"

"भेटला."

बाई चपला काढून आत गेल्या. पाणी प्यायल्याचा आवाज आला. तेवढ्या वेळात काका माझ्याशी बोलायला लागले. मी अनोळखी होतो, पण बोलायचं कुणाशीतरी होतं.

"हिनं या वयात पुस्तकं धरली. गाव हसलं. मी म्हटलं, शिक तू. मला तर अक्षर लागत नाही. मी काय करणार? माझ्या हातून एकच झालं असतं, गिरणी बंद ठेवली असती तर पोरीची हाक ऐकू आली असती. तेवढं एक माझ्या माथ्यावर आहे. ते काय जाणार नाही. पण बाकीचं तर त्या लोकांचं आहे ना? त्यांनी विकलं ते तर माझं नाही?"

मी बरं म्हणालो की काय म्हणालो, आठवत नाही. वर पाहिलं तर बाई दारात उभ्या होत्या. हातात माझ्यासाठी पाण्याचा तांब्या होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"काय म्हणाला मग?" काकांनी विचारलं.

बाईंनी तांब्या माझ्यापुढे ठेवला. पदरानं तोंड पुसलं.

"बदलली होती म्हणाला."

मी बाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"नखं बदलली होती?"

"हो."

"स्वतःच्या तोंडानं म्हणाला?"

"स्वतःच्या तोंडानं."

"कुणी बदलली?"

"ते नाही सांगितलं. वरून दाब होता एवढंच म्हणाला."

काकांनी डोळे मिटले. मग उघडून माझ्याकडे वळले. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर पडला, जड होता.

"तू होतास का तिथं?"

"होतो."

"तुझ्या कानांनी ऐकलंस?"

बाई दाराच्या चौकटीला टेकून जमिनीकडे बघत होत्या. आमच्या वर्गात शिकवलं होतं, ऐकीव गोष्ट पुरावा होत नाही, प्रत्यक्ष ऐकणाऱ्यानं सांगावी लागते.

"हो काका," मी म्हणालो. "मी ऐकलं."

"हरामखोर," काका म्हणाले, अगदी हळू. "माझी पोर विकली त्यानं." आणि मग ते रडायला लागले. मोठ्यानं नाही. मला वाटलं बाई जवळ येतील, पण त्या आत गेल्या आणि त्यांनी चूल पेटवली.

जेवताना काकांनी दोनदा भाकरी मागून घेतली. बाईंनी वाढताना मला सांगितलं की खूप दिवसांत ते असे जेवले नव्हते. काका म्हणाले, "आता तर केस घालता येईल ना?"

"घालते," बाई म्हणाल्या.

"लवकर घाल."

परतीच्या गाडीची वेळ झाल्यावर बाई मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. त्या एक-दोन दिवस राहून मग येणार होत्या. मी म्हणालो, "तुम्ही सांगणार होतात."

"ऐकलंस ना ते काय म्हणाले?"

"पण खांबेटे तर म्हणाले की पाण्यानं काही फरक पडला नाही."

"ते तुला कळतं, मला कळतं," बाई म्हणाल्या. "ते काय ऐकतील? त्यांना एवढंच ऐकू येईल की घंगाळं त्यांनी आणलं होतं. एक हाक ऐकू आली नाही म्हणून माणसानं गिरणी बंद केली. हे ऐकलं तर काय करील?"

गाडी लांबून येताना दिसली.

"खांबेटे चांगला माणूस होता," मी म्हणालो.

"होता," बाई म्हणाल्या. "त्यांना काय माहीत होणार आहे."

---

त्या वर्षीच्या परीक्षेत गुन्हेगारीशास्त्राच्या पेपरात मृतदेहावरचा सूक्ष्म पुरावा कसा गोळा करावा आणि तो कशानं नष्ट होतो, असा प्रश्न होता. बाईंनी तो सोडवला. त्या पेपरात त्यांचे गुण वर्गात सर्वांत जास्त होते. लॉचं शेवटचं वर्षही त्या पास झाल्या. सनद घेतली नाही. बोरखडीला परत गेल्या.

मी जिल्ह्याच्या कोर्टात वकिली सुरू केली. अर्जाचा मसुदा माझ्याकडेच राहिला होता, घर बदलताना कधीतरी तो गेला. बोरखडी माझ्या वाटेवर होती म्हणून वर्षातून एकदा-दोनदा जायचो. काका ओट्यावरच असायचे. छायाच्या नवऱ्याला दुसऱ्या बायकोपासून मुलं झाली होती, त्यानं तालुक्याला सिमेंटचं दुकान टाकलं होतं, हे मला काकांनीच सांगितलं. ते म्हणायचे, करू दे त्याला काय करायचं ते, आपली केस हायकोर्टात आहे.

"काय झालं रे केसचं?" ते मला विचारायचे.

पहिल्या वेळी मी बाईंकडे बघितलं. त्या मोरीपाशी भांडी घासत होत्या. त्या म्हणाल्या, "मी सांगितलं ना तुम्हाला. तारीख पडलीय."

"हो काका," मी म्हणालो. "तारीख पडलीय."

त्याचं त्यांना नवल वाटायचं नाही. गावात सगळ्यांच्याच केसला तारखा पडत होत्या. कुणाचा बांधाचा दावा बापाच्या वेळेपासून चालू होता. आमची केस वीस वर्षं चालली तरी कुणाला शंका यायचं कारण नव्हतं, आणि ती जवळजवळ तेवढी चाललीच. काका अधूनमधून विचारायचे, आता न्यायाधीश कोण आहे, खांबेट्याला समन्स निघालं का. बाई उत्तरं द्यायच्या. शिकलेल्या होत्या, त्यामुळे कुठं चुकायच्या नाहीत. खांबेटे वारल्याचं मी वर्तमानपत्रात वाचलं आणि बाईंना कळवलं. त्यांनी ते काकांना सांगितलं नाही. पुढं खूप वर्षं त्या घरात खांबेट्याला समन्स निघत राहिलं आणि तो हजर होत नव्हता.

काका गेले ते उन्हाळ्यात, झोपेतच. मी दहाव्याला गेलो. उन्हाची वेळ होती, माणसं ओट्यावर आणि समोरच्या लिंबाखाली बसली होती. बाई आतल्या खोलीत बायकांमध्ये होत्या, फार वाळल्या होत्या. मला बघून त्यांनी फक्त मान हलवली.

काकांचे धाकटे भाऊ माझ्याजवळ येऊन बसले. छायाच्या केसचं आता काय होणार, असं ते विचारत होते. दादा शेवटपर्यंत त्याचंच बोलत होता, म्हणाले. त्याच्या जिवात जीव होता तो त्या केसमुळेच. आता तो गेल्यावर ती चालते की बंद पडते?

आता सांगून टाकावं असं मला वाटलं. ज्याच्यासाठी ते सगळं केलं होतं तो माणूस उरला नव्हता. मी तोंड उघडलं.

"भाऊजी," आतून बाईंचा आवाज आला. बायकांमधून उठून त्या उंबऱ्यापाशी आल्या होत्या. "चालू आहे केस. पुढच्या महिन्यात तारीख आहे."

"मग वहिनी, आता बघायचं कुणी?"

"मी आहे ना," बाई म्हणाल्या, आणि आत जाऊन पुन्हा बायकांमध्ये बसल्या.